लीनतेचा सराव: सुरुवात हंगामाच्या लिलावापासून

ज्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाच्या सणाला अर्पणात आलेल्या जिनसांचा उपासनेनंतर लिलाव होतो, तिथे स्वतःचा गर्व पाहण्यासाठी वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही. रावेर-यावलकडचा केळीचा घड, ज्वारीचे पोते, कोंबडा, भरिताची वांगी असे एकेक पुढे येते, बोली चढते, आणि बघता बघता दोन घरांत अशी चुरस लागते की वस्तू देवाला अर्पण केलेली होती याचा दोघांनाही विसर पडतो. पैसा शेवटी मंडळीच्याच कामी येतो, म्हणून कोणी काही बोलत नाही. लीनतेचा सराव करू इच्छिणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. सणाला किती द्यायचे हे घरीच ठरवावे, ती रक्कम नाव न लिहिलेल्या पाकिटातून अर्पणाच्या थैलीत टाकावी, कारण उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात प्रभूने दानाविषयीच सांगितले आहे. आणि बोली लावायचीच असेल तर बाजारभावाच्या आसपास थांबावे. घड दुसऱ्याने घेतला तर तो त्याच्या गाडीपर्यंत नेण्यास हात द्यावा. पहिल्या दोन गोष्टी जमतात. ही तिसरी जड जाते, हे मी अनुभवाने लिहितो.

पुढची पायरी प्रार्थनेची. लूकाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहूदी) आणि जकातदार यांचा दृष्टांत आठवडाभर रोज रात्री वाचावा, मात्र वाचताना आपण ‘मी या जकातदारासारखा नाही’ म्हणून देवाचे आभार मानणारा परूशी आहोत असे धरून वाचावा. तो खोटे बोलत नाही, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. आठवड्यातून दोनदा उपवास आणि सर्व उत्पन्नाचा दशमांश तो खरोखरच करीत असावा, आणि प्रार्थनेचा आरंभही तो उपकारस्तुतीने करतो. परंतु त्या उपकारस्तुतीला उभे राहण्यासाठी शेजारच्या जकातदाराची पाठ लागते. म्हणून आपल्या प्रार्थनेतून ‘इतरांसारखा’ किंवा ‘इतरांपेक्षा’ या अर्थाचे प्रत्येक वाक्य काढून टाकावे आणि मग काय उरते ते पाहावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘मी त्या परूश्यासारखा नाही’ असे समाधान मनात येईल. ते आल्यास दचकू नये. 5व्या शतकाच्या आरंभी योहान कासियन या मठवासी लेखकाने पोकळ बढाईला कांद्याची उपमा दिली होती: एक पापुद्रा सोलावा तर खाली दुसरा तयारच असतो. चाळीसगावच्या बाजारात कांदा निवडणाऱ्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

मंडळीपुढे आपल्या विश्वासाची साक्ष देताना विशेष सावध राहावे. ‘मी महापापी होतो’ हे वाक्य माइकवरून सांगण्यात एक प्रकारचा मान मिळतो, आणि पापे जितकी मोठी तितकी साक्ष रंगते. 12व्या शतकात क्लेर्व्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने गर्वाच्या बारा पायऱ्या मांडल्या, त्यांत नववी पायरी ढोंगी पापकबुलीची आहे. यावर साधा उपाय असा की ज्याचे आपण नुकसान केले त्याच्या घरी जाऊन ‘माझे चुकले’ एवढेच म्हणावे आणि त्यापुढे ‘पण’ जोडू नये. व्यासपीठावरील कबुली त्यानंतर, आणि शक्य असल्यास नाहीच.

सेवा करण्याबाबत फार सांगण्याची गरज नाही. प्रीतिभोजनानंतर पातेली घासायला माणसे लागतातच. कठीण आहे ते सेवा घेणे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात शिष्य पेत्र येशूला आपले पाय धुऊ देत नाही, आणि तो नकार वरवर नम्र दिसला तरी येशू तो मान्य करीत नाही. आजारपणात शेजारच्या घरून आलेला डबा ‘कशाला त्रास घेतला’ असे तीनदा न म्हणता घ्यावा.

आता ज्या ठिकाणी ही शिकवण हमखास बिघडते त्याविषयी. आपल्याकडे, विशेषतः नंदुरबार-नवापूरच्या आदिवासी मंडळ्यांत आणि गावकुसाबाहेरून आलेल्या कुटुंबांत, वाकून उभे राहणे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने शिकवले गेले आहे. त्यांना पुन्हा ‘लीन व्हा’ असे सांगणाऱ्याने प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा 2रा अध्याय नीट वाचावा. ज्या मूळ ग्रीक शब्दापासून तिथला ‘लीनता’ हा शब्द आला, तो त्या समाजात खालच्या दर्जासाठी, गुलामी वृत्तीसाठी वापरला जाई; पौलाने तो घेतला आणि जो देवाच्या स्वरूपाचा असूनही स्वतःला रिक्त करून दास झाला त्या ख्रिस्ताशी जोडला. तिथे उतरणारा वरून, आपण होऊन उतरतो. आणि याच फिलिप्पै शहरात पौलाला चौकशीवाचून छड्या मारून तुरुंगात टाकले होते. सकाळी अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडण्याचा निरोप धाडला, तेव्हा आपण रोमी नागरिक असल्याचे सांगून त्याने जाण्यास नकार दिला: त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. अधिकारी आले आणि त्यांनी विनवणी केली, असे प्रेषितांची कृत्ये 16व्या अध्यायात आहे. लीनतेवरचे ते वचन याच माणसाने पुढे याच शहरातील मंडळीला लिहिले.

तेव्हा ‘लीन व्हा’ हे वाक्य कोण कोणाला म्हणत आहे ते आधी पाहावे. पाळकाने, पंचाने किंवा घरातील कर्त्या पुरुषाने ते स्वतःला उद्देशून म्हणावे. मंडळीच्या बैठकीत एखाद्या ताईने बांधकाम निधीचा हिशेब विचारला आणि तिला नम्रतेचे वचन ऐकवून बसवले गेले, तर तिने पुन्हा उभे राहून तोच प्रश्न शांतपणे विचारावा, आणि खजिनदाराने वही आणून तिच्यासमोर उघडावी.