प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत? स्तोत्रसंहिता उघडा

प्रार्थनेला बसलं की दोन मिनिटांत शब्द संपतात, मग तेच तेच, नोकरी दे, आजार बरा कर, आमेन, असं बऱ्याच विश्वासणाऱ्यांचं होतं. अशा वेळी बायबलमधलं स्तोत्रसंहिता हे पुस्तक घ्या. एकूण 150 स्तोत्रं आहेत, रोज पाच धरली तर 30 दिवसांत पूर्ण होतात, आणि कुठलं वाचायचं ते तारखेवरनं ठरवायचं, 13 तारीख असेल तर 13, मग 30-30 मिळवत जा, 43, 73, 103, 133. पाचही चाळा आणि जे मनाला भिडेल त्या एकावरच थांबा, सगळी संपवायची घाई नको.

एक वचन हळू आवाजात वाचा, थांबा, आणि तेच देवाला आपल्या शब्दांत सांगा. 13 व्या स्तोत्रात दावीद राजा देवाला सरळ विचारतो की तू मला किती काळ विसरणार, मग तुम्ही पण सांगा ना, प्रभू, रिपोर्ट यायचाय, झोप लागत नाही, तू कुठे आहेस. हा अविश्वास नाही हो, वरवर सगळं ठीक आहे म्हणण्यापेक्षा हे कितीतरी खरं बोलणं आहे. 88 वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं आणि तरी ते बायबलमध्ये आहे!

सकाळी गडबड असेल तर एकच वचन मोबाईलमध्ये टाका, लोकलमध्ये किंवा भाजी चिरताना तेच म्हणत राहा.

119 वं 29 तारखेला येतं पण ते 176 वचनांचं, ते 31 तारखेला ठेवा, ती तशी मोकळीच राहते, नाहीतर आठ-आठ वचनं घ्या, त्याचे मुळातच तसे 22 भाग आहेत.