पडद्यावरची बंदूक सांभाळताना : या कामात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

गेली अकरा वर्षे मी पुण्यात राहून लघुपट, मालिका आणि अधूनमधून चित्रपटांसाठी हत्यारांची प्रॉपर्टी (चित्रीकरणात वापरायच्या वस्तू) सांभाळतो आहे. या कामाविषयी विचारायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना बंदुकांची नावे तोंडपाठ असतात, परंतु नावे ठाऊक असणे हे या कामाचे फार लहान अंग आहे. हे काम मुख्यत्वे मोजण्याचे आहे, आणि ते मला एका चुकीमुळे कळले.

सुरुवातीच्या काळात १९६२ च्या चीन युद्धावरील एका लघुपटात मी आपल्या जवानांच्या हाती एसएलआर, म्हणजे एक गोळी झाडल्यावर पुढची आपोआप भरणाऱ्या, रायफलींच्या डमी (नकली प्रती) दिल्या होत्या. चित्रीकरण झाल्यावर खडकीला राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांना तो प्रसंग दाखवला. त्यांचे थोरले बंधू त्या युद्धात होते. साहेबांनी दोन वेळा तो पाहिला आणि म्हणाले, "भाऊंच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती. एक गोळी झाडली की बोल्ट ओढायचा, मग दुसरी. थंडीने बोटे वळत नव्हती. तुम्ही एसएलआर दिलीत, म्हणजे त्यांची सगळी अडचणच काढून घेतलीत." एसएलआर आपल्या सैन्यात सर्वत्र आली ती त्या युद्धानंतर. चुकलेले साल केवळ तपशिलाचे नव्हते. त्या माणसांचे हालच त्यामुळे पडद्यावरून पुसले गेले होते.

पुढच्या कामासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणून मी थ्री-नॉट-थ्रीची डमी घडवली आणि ती साहेबांच्या हाती दिली. त्यांनी ती खांद्याला लावली आणि लगेच खाली घेतली. "हिला वजनच नाही," एवढेच ते बोलले. खरी रायफल सुमारे चार किलोची असते. मग दस्ता पोखरून मी आत लोखंडी पट्टी बसवली. दुसऱ्या दिवशी एका नटाने ती तासभर वागवली तेव्हा त्याचा उजवा खांदा आपोआप थोडा खाली आला, आणि चालताना तो हाताने पट्टा सावरू लागला. हे कोणत्याही दिग्दर्शकाला सांगून करून घेता येत नाही. म्हणून नवख्यांनी पहिले सहा महिने वजनकाटा आणि मोजपट्टी जवळ ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो.

गोळ्यांचा हिशेबही असाच आहे. एके-४७ च्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० काडतुसे मावतात आणि तिचा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांचा आहे, म्हणजे घोडा दाबून धरला तर तीन सेकंदांत मॅगझिन रिकामे होते. नायक बारा सेकंद सलग गोळीबार करणार असेल, तर मॅगझिन केव्हा बदलले ते संहितेतच लिहून घ्यावे. मॅगझिन बदलण्याची ती घाई, तो उघडा पडलेला क्षण, प्रसंगाला धारच आणतो, असा माझा अनुभव आहे.

रणगाड्यांसाठी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पुण्याहून एका दिवसात पाहून येता येते, आणि ते पाहावेच. तिथे गेल्यावर तोफेकडे नंतर पाहा, आधी पट्ट्याखालची चाके मोजा. रशियन बनावटीच्या टी-५५ ला एका बाजूला पाच चाके असतात आणि पहिल्या व दुसऱ्या चाकामध्ये डोळ्यांत भरेल एवढी फट असते. अमेरिकन बनावटीच्या पॅटन रणगाड्याला सहा असतात. पत्रे ठोकून बनवलेला रणगाडा दुरून खपून जातो, पण चाके चुकली की जाणकार प्रेक्षक तिथेच तुटतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. ब्लँक म्हणजे गोळी नसलेले, पण दारू असलेले काडतूस. त्यातून बाहेर पडणारा तप्त वायू जवळून माणूस मारू शकतो. १९८४ मध्ये अमेरिकन अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर गमतीने कानशिलाला लावून घोडा दाबला आणि त्याचा त्यात अंत झाला. १९९३ मध्ये अभिनेता ब्रँडन ली याचा मृत्यू झाला, तो आधीच्या चित्रीकरणात डमी काडतुसाची (दारू नसलेल्या, पण गोळी असलेल्या) गोळी नळीत अडकून राहिली होती आणि नंतरच्या ब्लँकने ती बाहेर ढकलली म्हणून. नळीत टॉर्च मारून पाहण्याला एक मिनिटही लागत नाही. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत छायालेखिका हलिना हचिन्स गेल्या, कारण सेटवर जिवंत काडतूस येऊन पोहोचले होते.

माझ्या बहुतेक कामांत आता ब्लँक नसतातच. नळीच्या टोकाचा जाळ नंतर संगणकावर भरला जातो. तरीही माझी वही तशीच चालू आहे : डाव्या रकान्यात दिलेली हत्यारे आणि डमी काडतुसे, उजव्या रकान्यात परत आलेली, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय सेट सुटत नाही. प्रत्येक टेकपूर्वी मी चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, उघडून नटाला, सहाय्यक दिग्दर्शकाला आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाला दाखवतो. कोणी घाई करू लागले तर घाई करू द्यावी. चेंबर दाखवायचे ते दाखवायचेच.

बाहेरच्या चित्रीकरणाचेही सांगून ठेवतो. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार खरे अग्निशस्त्र परवान्याशिवाय बाळगता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते; रबरी डमीविषयी मात्र मुले निर्धास्त असतात. आम्हीही होतो. वेताळ टेकडीवर एका पहाटे आमचा नट झाडाआड बंदूक घेऊन उभा होता. फिरायला आलेल्या एका आजोबांनी त्याला पाहिले आणि ते इतके घाबरले की खाली उतरताना त्यांचा पाय मुरगळला. थोड्याच वेळात पोलीस आले. त्यांनी आम्हाला तासभर बसवून ठेवले आणि ते योग्यच होते. तेव्हापासून जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवणे, पत्राची प्रत खिशात ठेवणे आणि दोन टेकच्या मध्ये प्रत्येक डमी कापडी पिशवीत झाकून ठेवणे हा आमचा नियम आहे. आजोबांना त्या दिवशी आम्हीच घरी पोहोचवले.