यान उतरवायला पैसे नाहीत? माणूसच विरघळवा

विज्ञानकथा मालिकेत यान ग्रहावर उतरवायचं तर अख्खं बजेट एका दृश्यात संपतं. १९६६ च्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकी टीव्ही मालिकेने हा खर्च टाळायला माणसं थेट किरणांतून खाली पाठवली. त्यातली चमचम म्हणजे काळ्या पडद्यासमोर पडणारी अॅल्युमिनियमची पूड, उलट्या धरलेल्या स्लो मोशन कॅमेऱ्याने टिपलेली! तीच युक्ती आज अशी जमते:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) मॅन्युअलवर ठेवा, म्हणजे मधेच आपोआप बदलणार नाहीत. इथे आळस केलात तर पुढचं सगळं फुकट.

२. कलाकाराला उभं करून शूट करा. तो फ्रेमबाहेर गेल्यावरही रेकॉर्डिंग चालू ठेवा. रिकामी जागा दहा सेकंद तरी हवी. ट्रायपॉडला कुणाचाही धक्का नको.

३. काळ्या कापडासमोर बारीक ग्लिटर सोडा, मागून प्रकाश द्या, स्लो मोशनमध्ये टिपा.

४. एडिटिंगमध्ये कलाकाराच्या शॉटवरून रिकाम्या शॉटवर दोन सेकंदांचा डिझॉल्व्ह (एक शॉट विरत दुसरा उमटणं) द्या. वर ग्लिटरचा शॉट 'स्क्रीन' मोडमध्ये ठेवा (काळा भाग नाहीसा होतो, चमक उरते), कलाकाराच्या आकाराचा मास्क लावून, म्हणजे चमक तेवढ्याच भागात दिसेल. (निम्मी जादू आवाजाची असते, तो विसरू नका.)

अॅल्युमिनियमची पूड मात्र वापरू नका, ती हवेत उडाली की पेट घेऊ शकते. आणि ग्लिटर सोडताना नाकावर मास्क हवाच.