संरक्षित माशांवर संशोधन: ऑनलाइन परवान्याच्या अर्जात या चुका टाळा

अमेरिकेत संरक्षित सॅल्मन, स्टीलहेड (समुद्रात जाणारा ट्राउट) किंवा स्टर्जन माशांवर संशोधन करायचं तर नोआ फिशरीज या सरकारी सागरी मत्स्यसंस्थेच्या ‘ॲप्स’ या ऑनलाइन प्रणालीतून अर्ज करावा लागतो. रकाना रिकामा राहिला तर संगणक हटकतो, पण दोन रकाने एकमेकांशी जुळत नाहीत हे त्याला कळत नाही. ते कळतं तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, आणि मग प्रश्नोत्तरांत आठवडे जातात.

पहिली चूक म्हणजे चुकीचं दार ठोठावणं. बुल ट्राउट आणि डेल्टा स्मेल्ट हे मासे नोआच्या नव्हे, फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या दुसऱ्या सरकारी संस्थेच्या अखत्यारीत येतात. तिथे ‘ई-परमिट्स’ ही वेगळी प्रणाली आहे. एकाच नदीत स्टीलहेड आणि बुल ट्राउट दोन्ही असतील तर दोन्हीकडे अर्ज करा. राज्याचा परवाना आणखी वेगळा.

मग परवान्याचा प्रकार. १९७३ च्या एन्डेंजर्ड स्पीशीज ॲक्ट या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यामधल्या कलम ४(डी) खालची मुभा फक्त ‘थ्रेटन्ड’, म्हणजे धोक्याच्या वाटेवरच्या, माशांसाठी असते. कोलंबिया नदीच्या वरच्या भागात वसंतात परतणारा चिनूक सॅल्मन ‘एन्डेंजर्ड’, म्हणजे नामशेष होण्याच्या धोक्यातला, आहे; त्याला कलम १० चाच परवाना लागतो. त्यात फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रामध्ये सूचना निघते आणि लोकांच्या हरकतींसाठी ३० दिवस ठेवावे लागतात. मोसम तोंडावर आल्यावर अर्ज भरायला बसलात तर तो मोसम गेलाच समजा.

खरी गफलत होते ती ‘टेक’च्या, म्हणजे संशोधनाची झळ किती माशांना बसणार याच्या, तक्त्यात. ‘आम्ही मासे सोडूनच देणार, मग टेक शून्य’ हा समज काही केल्या जात नाही. कायद्याच्या लेखी पकडणं, त्रास देणं, नुसता तसा प्रयत्न करणं हेही टेकच. त्यामुळे जाळ्यात आलेला प्रत्येक संरक्षित मासा तक्त्यात हवा, तुम्हाला नको असलेलाही. कोलंबिया नदीच्या मुखाच्या खाडीत चिनूकची पिल्लं धरायला जाल तर तिथे एकाच जातीचे वेगवेगळे संरक्षित गट मिसळलेले असतात. युलाकॉन हा छोटा संरक्षित मासाही जाळ्यात येऊ शकतो. प्रत्येक गटाची ओळ वेगळी. त्यातही पिल्लं आणि प्रौढ वेगळे, नैसर्गिक आणि हॅचरीतले (मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले) वेगळे, आणि हॅचरीतल्यांत अॅडिपोज फिन, म्हणजे शेपटीजवळचा छोटा मांसल पर, कापलेले आणि न कापलेले पुन्हा वेगळे. कंटाळवाणं आहे खरं, पण इथे घाई नडते.

आकडे दुहेरी मोजले जातात तेही इथेच. समजा ५०० पिल्लं पकडून त्यातल्या १०० ना पिट टॅग, म्हणजे शरीरात बसवायची ओळखीची छोटी इलेक्ट्रॉनिक चिप, लावायचा आहे. अनेक जण एका ओळीत ५०० आणि दुसरीत १०० लिहितात, आणि बेरीज ६०० होते. पकडून सोडायचे ४०० आणि टॅगचे १०० असं लिहा. चुकून मरणारे मासे याच आकड्यांत धरायचे असतात, वरून जोडायचे नसतात. तिथे शून्य टाकणं दिसायला छान, पण एक पिल्लू दगावलं तरी परवान्याची मर्यादा ओलांडली जाते. उगाच फुगवलेला आकडाही चालत नाही. आधीच्या कामातला मृत्यूदर देऊन तो पटवावा लागतो.

तक्ता झाला की पद्धतीचं वर्णन त्याच्या शेजारी ठेवून वाचा. वर्णनात ऊतींचे नमुने घेणार म्हटलंय आणि तक्त्यात फक्त ‘पकडा, हाताळा, सोडा’ निवडलंय, ही विसंगती नेहमीची. जुना मजकूर चिकटवला की हमखास होते. भूल कशाने देणार, मासे पाण्याबाहेर किती वेळ राहतील, हेही लिहा. इलेक्ट्रोफिशिंग, म्हणजे पाण्यात वीज सोडून मासे पकडणं, असेल तर नोआची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वं पाहा: पाणी १८ अंश सेल्सियसच्या वर गेलं असेल, किंवा काम संपेपर्यंत जाणार असेल, तर काम करायचं नाही, आणि एसी करंट अजिबात वापरायचा नाही. उन्हाळ्यातल्या दुपारचं वेळापत्रक देऊन खाली ‘तत्त्वं पाळू’ लिहिलेलं तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

परवाना मिळाल्यावर वार्षिक अहवालही ॲप्समधूनच द्यायचा असतो. तिथे मंजूर आकडे नव्हे, प्रत्यक्ष पकडलेले आणि मेलेले मासे ओळीनुसार भरायचे. त्यासाठी नदीवरची नोंदवही पहिल्या दिवसापासून तक्त्याच्याच रकान्यांत आखून घ्या; नाहीतर कुठला मासा हॅचरीतला होता हे डिसेंबरात कुणालाच सांगता येत नाही.