दुर्मीळ मधुमेहाचे जनुक शोधताना या चुका टाळा

पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) म्हणून रुजू झालेल्या बहुतेकांना पहिल्याच वर्षी नवे जनुक सापडायला हवे असते आणि एकाच जनुकातील बिघाडामुळे होणाऱ्या मधुमेहाच्या संशोधनातील बराचसा गोंधळ याच घाईपोटी होतो.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे एक्झोममध्ये, म्हणजे प्रथिनांची कृती असलेल्या डीएनएच्या भागांच्या वाचनात, काही सापडले नाही की कारण अज्ञात ठरवून मोकळे होणे. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या बाळात सहाव्या गुणसूत्रावरील ६क्यू२४ या भागातील मिथिलेशनचा (जनुके चालू-बंद ठेवणाऱ्या, डीएनएवरील रासायनिक खुणांचा) दोष असू शकतो. हा दोष डीएनएच्या अक्षरक्रमात नसतोच, त्यामुळे एक्झोमला तो दिसत नाही. मूत्रपिंडात गाठी आणि जोडीला मधुमेह असलेल्या रुग्णांत एचएनएफ१बी या जनुकाची एक अख्खी प्रतच गळालेली असणे नेहमीचे आहे; अशा वेळी उरलेली प्रत निर्दोष वाचली जाते आणि अहवाल ‘सामान्य’ येतो. स्वादुपिंड तयारच न होण्याचे एक कारण तर २०१४ मध्ये पीटीएफ१ए जनुकापासून सुमारे २५ हजार अक्षरे दूर, जेमतेम ४०० अक्षरांच्या एका नियंत्रक (जनुक कधी, कुठे चालू व्हावे हे ठरवणाऱ्या) तुकड्यात सापडले. म्हणून मिथिलेशन, गळालेले तुकडे आणि नियंत्रक भाग तपासून झाल्याखेरीज ‘नवे जनुक’ हे शब्द मी बैठकीत ऐकून घेत नाही.

दुसरी चूक नमुन्यांची ओळख गृहीत धरण्याची. एका तरुण सहकाऱ्याने आईवडील आणि मूल अशा तिघांच्या एक्झोममधून, पालकांत नसलेला आणि मुलात नव्याने उद्भवलेला बदल शोधून काढला होता. तोही स्वादुपिंडाच्या घडणीतील एका जनुकात. सादरीकरण तयार होते, झेब्राफिशवरील प्रयोगांची आखणीही झाली होती. मी फक्त पूर्ण यादी मागितली. एका एक्झोममध्ये असे खरे नवे बदल एखाद-दुसरेच असतात. येथे ते डझनांनी होते. नातेसंबंधाची पडताळणी केल्यावर वडिलांचा नमुना मुलाशी जुळेना, पण नमुन्यांच्या प्लेटवरील शेजारच्या कुटुंबातील मुलाशी मात्र चोख जुळला, कारण दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. खऱ्या वडिलांत तोच बदल होता आणि त्यांना मधुमेह नव्हता. (नमुना जुळला नाही की लगेच पितृत्वाची शंका घेणारेही असतात, आधी फ्रीझर आणि नोंदवही तपासावी.) ही पडताळणी काही मिनिटांची असते, तरीही ती ‘नंतर करू’ म्हणून सोडली जाते, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

एखादा बदल लोकसंख्येत किती जणांत आढळतो हे न पाहता जुन्या शोधनिबंधांवर विसंबू नये. बीएलके, पीएएक्स४ आणि केएलएफ११ ही नावे मोडीच्या (एमओडीवाय, म्हणजे एका जनुकामुळे तरुण वयात होणारा, आनुवंशिक मधुमेह) यादीत वर्षानुवर्षे राहिली; निरोगी लोकांतही त्यांतील दुर्मीळ बदल तितकेच आढळतात, हे नंतर स्पष्ट झाले.

ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे जनुकाची कोणती आरएनए आवृत्ती धरून क्रमांक मोजला याचा, उल्लेख न करता बदल लिहू नये. एचएनएफ४एमधील एकाच बदलाला कोणी ६३, कोणी ७६ तर कोणी ८५ क्रमांक देतो. एचएनएफ१एमधील सलग सी अक्षरांच्या पट्ट्यातील बदल सँगर पद्धतीने (डीएनएचा एकेक तुकडा वेगळा वाचण्याची जुनी पद्धत) पुन्हा वाचावा. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या) डीएनएमधील ३२४३ क्रमांकाचा, मधुमेहाला कारण ठरणारा बदल प्रौढांच्या रक्तात कमी होत जातो, म्हणून लघवीचा नमुनाही घ्यावा.

शेवटची चूक मला सर्वांत जास्त खटकते. केसीएनजे११मधील बदल नवजात मधुमेहाला कारणीभूत ठरतात हे २००४ पासून ठाऊक आहे, त्यामुळे तसा बदल सापडला की ‘यात नवीन काय’ म्हणून फाइल बाजूला पडते. वास्तविक अशा अनेक मुलांचे इन्सुलिन बंद करून त्यांना सल्फोनिलयुरियाच्या (स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या औषधाच्या) गोळ्यांवर आणता येते. असा निकाल दिसला की मी त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवते आणि मान्यताप्राप्त निदान प्रयोगशाळेत तपासण्यासाठी बाळाचा नवा नमुना मागवून घेते.