दिवाळीनंतर ताटव्यातली बेटं फोडताय? या चुका टाळा

पावसाळ्यात माजलेली कर्दळ, मधोमध पोकळ झालेली डे लिली, दाटी होऊन बारीक फुलं देणारा जरबेरा. वाफ्याच्या कडेची ही बेटं उकरून, फोडून नव्याने लावायला दिवाळी ते नोव्हेंबरअखेर हा पुणे-नाशिककडचा चांगला काळ. ऑक्टोबरचा उन्हाचा तडाखा संपलेला असतो आणि जमिनीत ऊब शिल्लक असते. डिसेंबरच्या मध्यावर रात्रीचा पारा 10-12 अंशांवर आला की नवी मुळं फुटायचा वेग मंदावतो. कोकणात एवढी घाई नाही.

माझं सांगणं एकच आहे. बेट फोडलं की झाडाची बरीच मुळं तुटतात, पानं मात्र तेवढीच राहतात. लावलेली रोपं मरतात ती बहुतेक वेळा या बिघडलेल्या हिशेबामुळे.

पहिली चूक म्हणजे सरसकट सगळंच उकरणं. निशिगंध आत्ता फुलावर असतो, त्याला हात लावू नका. त्याचे कंद एप्रिल-मे मध्ये लावायचे. सोनटक्का थंडीत विश्रांती घेतो, त्याचे गड्डे मार्चनंतर फोडा. शेवंतीचा बहर संपू द्या, मग झाड जमिनीलगत छाटा. बुडातून ज्या काश्या, म्हणजे नवे फुटवे, येतील तीच पुढची रोपं. आणि कर्दळीच्या पानांवर पिवळे पट्टे किंवा चट्टे असतील तर ते बेट फोडून वाटू नका, मुळासकट काढून टाका. तो बहुधा विषाणू असतो आणि तुकड्यांबरोबर शेजाऱ्यांच्या बागेतही जातो.

दुसरी चूक वाफशाची, म्हणजे खणण्याजोगी ओल मातीत आहे का हे न पाहण्याची. आपली काळी माती ओली असताना खणली की कुदळीला लोण्यासारखी चिकटते, मुळांभोवती लिंपली जाते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. अशा मातीत नाजूक मुळं शिरतच नाहीत. परतीचा पाऊस लांबला तर थांबा. मूठभर माती दाबा, गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर तो फुटला पाहिजे. माती फारच कोरडी असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि सकाळी खणा.

फोडताना बेटाच्या मधला, लाकडासारखा झालेला जुना भाग परत लावायचा मोह होतो, कारण तोच मोठा दिसतो. तो कंपोस्टमध्ये टाका. जोम असतो कडेच्या कोवळ्या फुटव्यांत. कर्दळीच्या प्रत्येक तुकड्याला दोन-तीन ठसठशीत डोळे हवेत. एका डोळ्याचे तुकडे करून रोपांची संख्या वाढवण्यात अर्थ नाही, थंडीत त्यांना ताकद पुरत नाही. हत्यार धारदार असू द्या. मोठी जखम झाली असेल तर लिटरभर पाण्यात 2.5 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक मिसळून त्यात तुकडा बुडवा आणि सावलीत थोडा सुकू द्या. बाकीच्यांची मुळं मात्र ओल्या गोणपाटाखाली हवीत. अर्धा तास उन्हात पडलेल्या बारीक मुळ्या पुन्हा तरारत नाहीत.

आता जरबेऱ्याबद्दल, कारण माझी सगळ्यात जास्त रोपं इथेच गेली. दोन वर्षांपूर्वी मी एक जुना ठोंब फोडून नऊ रोपं केली. पक्की बसावीत म्हणून खोल लावली, बुडाशी माती ओढून हाताने दाबली. आठवडाभर छान दिसली. मग मधलं कोवळं पान काळपट पडलं, ओढलं तर अलगद हातात आलं, टोकाला कुजका वास. नऊपैकी सात गेली. जरबेऱ्याची पानं जिथून निघतात तो गाभा मातीत गाडला गेला की तिथे ओल साचते आणि तो कुजतो. तो मातीच्या वर 1 ते 2 सेंटिमीटर राहिला पाहिजे, आणि तोही पहिलं पाणी देऊन माती बसल्यावर. म्हणून लावताना जरा उंचच लावा. रोप सुरुवातीला डगमगतं, डगमगू द्या. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा.

लावण्याआधी मोठी पानं अर्ध्यावर छाटा. जीव तुटतो, पण वर सांगितलेला पानांचा आणि मुळांचा हिशेब जुळवायचा तोच मार्ग आहे. खड्ड्यात ताजं शेण घालू नका, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे. रासायनिक खत नवं पान उलगडेपर्यंत नको.

लावल्यानंतरची घाबरगुंडी बहुतेक पाण्यावरून होते. दुपारी पानं मान टाकतात, म्हणून लोक पुन्हा पाणी ओततात. संध्याकाळी ती सावरत असतील तर काळजी नको, दुपारपुरती सावली करा. सकाळी सातलाही मलूल असतील तर मात्र बोटभर खोल माती तपासा. कोरडी असेल तर मुळांखाली पोकळी राहिली असावी, भरपूर पाणी देऊन माती बसवा. ओली असेल तर पाणी थांबवा आणि एक रोप हलकेच उचलून पाहा. मुळं तपकिरी, लिबलिबीत असतील तर ती कापून रोप उंचावर लावा. टोकं पांढरी दिसत असतील तर ते रोप जगलं आहे.

खालची दोन-चार जुनी पानं पिवळी पडतात, तो दोष नव्हे. कर्दळ महिनाभर वरून काहीच हालचाल दाखवत नाही, तेव्हा ती मेली समजून उकरली जाते. डोळ्यावरची माती बोटाने बाजूला करा आणि दाबून पाहा. टणक असेल तर माती परत सारा, वर पालापाचोळा पसरा आणि आठवड्यातून एकदाच पाणी द्या. फेब्रुवारीत उन्हं तापू लागली की कोंब वर येतो.