पेडण्यात गोवा-महाराष्ट्र बॉर्डरजवळ चांगलं हुर्राक कसं शोधायचं

एप्रिल आला की बांदा-सावंतवाडीकडच्या मित्रांचे फोन सुरू होतात, अरे चांगलं हुर्राक कुठे मिळेल, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी सीझन बघा. काजूची बोंडं साधारण फेब्रुवारीअखेर पिकायला लागतात आणि मे संपला की आटोपलं. हुर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिली धार, तेच पुढे परत भट्टीवर चढवून फेणी होते, फेणी वर्षानुवर्षं टिकते पण हुर्राक नाही टिकत. मी एकदा जुलैत हायवेवरच्या एका दुकानातून बाटली घेतली, घरी उघडतो तर फेणीत पाणी घातलेलं, बोंडाचा वास नावाला नाही, आणि पुण्याहून आलेला मावसभाऊ आयुष्यात पहिल्यांदा चाखत होता, फार वाईट वाटलं.

आता जागा. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर शोधत बसू नका, आत डोंगराकडे वळा. हणखणे, इब्रामपूर, चांदेल, इकडे बॉर्डरवरच्या पत्रादेवीजवळ तोरसे, हा सगळा काजूचा पट्टा. पाटी शोधू नका, वास शोधा! बोंडं मळायची जागा म्हणजे कोळंबी, निरोचा म्हणजे बोंडांच्या रसाचा आंबूस-गोड वास, भाणाखालच्या (भट्टीवरच्या मडक्याखालच्या) लाकडांचा धूर, कुठल्याही वळणावर कळतं. किंवा गावातल्या छोट्या बारवर सकाळी जाऊन सरळ विचारा, "आयचें आसा?" आजचं असेल तर माणूस लगेच हो म्हणतो, नसेल तर जरा थांबून बोलतो, तेवढ्यावरून समजा.

घ्यायच्या आधी थोडं चाखाच. आधी बोंडाचा वास यायला हवा, घशात जळजळ नको, करपल्याचा वास आला तर भाण खाली लागलंय, सोडून द्या. रिकामी काचेची बाटली घरून न्या, प्लास्टिकमध्ये वास लागतो आणि एवढ्या मेहनतीच्या गोष्टीची माती होते.

प्यायची पद्धत सोपी. लिमका, लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, भरपूर बर्फ. मार्गारिटा आवडणाऱ्यांनी ग्लासाच्या काठाला मीठ लावावं, टकीला मेक्सिकोची असली तरी लिंबू-मिठाशी हुर्राकचं पण तेवढंच जमतं. सोबत तोर म्हणजे कोवळी कैरी आणि तळलेला बांगडा, बास. दुपारी सावलीत बसून सावकाश प्या, गोड लागतं म्हणून पटापट जातं आणि उठताना कळतं.

आणि कृपया, गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी फक्त निरो प्यावा, तोही सकाळचा ताजा, उन्हं चढली की आंबतो. पत्रादेवी ओलांडून बाटली न्यायची असेल तर परमिट हवं, पलीकडे इन्सुलीला गाड्या तपासतात. त्यापेक्षा इथेच प्या, रात्री इथेच राहा.